रस झाला, हे कशावरून ओळखायचे?

वाचक विचारतात : धातू आणि भट्टी

मागच्या अंकात या सदरात मी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भट्टीतल्या तापमानाविषयी लिहिले होते. रस, म्हणजे वितळलेला धातू, १,५०० अंशांपर्यंत का तापवावा लागतो, लॅडलमधून (रस वाहून नेणाऱ्या भांड्यातून) साच्यात जाईपर्यंत तो किती निवतो, असा तो विषय होता. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांतून एकच प्रश्न निघाला : तापमानाचे समजले, पण दाबाचे काय? ही पत्रे वाचून मला मनापासून आनंद झाला. माझी नोकरी सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे आमचा सगळा हिशेब तापमानाचा आणि कार्बन-सिलिकॉनच्या टक्क्यांचा असायचा, दाबाचा विषय कधी निघायचाच नाही. एका वातावरणाच्या दाबाखाली आपण जगतो आणि त्याच दाबाखाली धातू वितळवतो, त्यामुळे दाब हीसुद्धा बदलणारी गोष्ट आहे हे आपल्या ध्यानातच राहत नाही. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे दाबाला दिले आहे.

प्रश्न : आमच्याकडे ॲल्युमिनियमची प्रेशर डायकास्टिंग होते. रस डायमध्ये (पोलादी साच्यात) भरला की मशीन शेवटी सहाशे-सातशे बारचा दाब देते. एवढ्या दाबाखाली धातू लवकर वितळतो की उशिरा? दाब वाढवून भट्टीचे तापमान, पर्यायाने गॅसचा खर्च, कमी करता येईल का?
– शिफ्ट सुपरवायझर, चिंचोळी एमआयडीसी

नाही येणार. दाबाने ॲल्युमिनियमचा वितळणबिंदू खाली येत नाही, वर चढतो, आणि तोही तुमच्या मशीनच्या दाबाला अगदी थोडा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. दाब हजार वातावरणांनी वाढवला तर हा आकडा साधारण सहा अंशांनी वर जातो. एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण, तेव्हा तुमच्या सातशे बारला चार अंश धरा. भट्टीवरच्या थर्मोकपलला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीला, तेवढा फरक खात्रीने दाखवता यायचा नाही. मशीनचा तो दाब वितळवण्यासाठी दिलेलाच नसतो. रस डायच्या कानाकोपऱ्यात जावा आणि थिजताना पोकळी राहू नये, एवढ्यासाठी तो असतो.

पण वितळणबिंदू का चढतो, याचे उत्तर तुम्हाला तुमच्या कामातून आधीच ठाऊक आहे. ॲल्युमिनियम थिजताना सहा ते सात टक्के आकसते. म्हणून तर वाळूच्या साच्यात ओतणारे सँड कास्टिंगवाले रायझर (कमी पडणारा रस पुरवणारा साठा) ठेवतात आणि तुम्ही दाब देता. याचा अर्थ, तेवढ्याच वजनाच्या धातूला रस होऊन राहायला जास्त जागा लागते आणि घन होऊन राहायला कमी. दाबाखाली जागा महाग होते. जो कमी जागेत भागवतो त्याच्या बाजूने दाब उभा राहतो, आणि इथे तो घन धातू आहे. त्याला वितळवायचे तर उष्णता जास्त द्यावी लागणार.

फ्रेंच अभियंता क्लापेरॉनने १८३४ मध्ये वाफेसाठी याचे समीकरण मांडले, पुढे क्लाउझियसने त्याला पक्का पाया दिला. वितळणाऱ्या धातूलाही ते तसेच लागू पडते. वितळताना धातू किती फुगतो आणि किती उष्णता पितो, एवढे दोन आकडे मिळाले की दाबामागे वितळणबिंदू किती सरकेल ते काढता येते. तांब्याला हे गणित हजार वातावरणांमागे तीन-चार अंश देते. लोखंडही त्याच्याच आसपास येते.

बिडात काम केलेले कोणी इथे हरकत घेईल की ग्रे आयर्न (करडे बीड) तर फारसे आकसत नाही, त्याला रायझर लहानच लागतो. बरोबर आहे. पण ती करणी कार्बनची. थिजताना त्याच्या ग्राफाइटच्या पाकळ्या बाहेर पडतात, त्या जागा खातात आणि लोखंडाचे आकसणे झाकून टाकतात. लोखंड स्वतः आकसतेच.

प्रश्न : दाबाने बर्फ वितळते असे आम्ही शिकलो. मग दाबाने वितळणारा एकही धातू नाही का?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, अशोक चौक, सोलापूर

आहेत, आणि त्यांतले काही इतके विलक्षण आहेत की त्यांच्यावर लिहायला हे सदर पुरायचे नाही.

आधी बर्फाचे पाहू. पाणी गोठताना फुगते, बर्फ पाण्यावर तरंगतो. म्हणजे इथे कमी जागा द्रवाला लागते. मग दाबाने गोठणबिंदू खाली आला पाहिजे, असे जेम्स थॉमसनने १८४९ मध्ये नुसत्या विचाराने मांडले, आणि पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, याने प्रयोग करून ते खरे ठरवले. नंतर त्याच दशकात केंब्रिजचा हॉपकिन्स, मँचेस्टरचा गिरण्या बांधणारा अभियंता फेअरबेर्न आणि जूल यांनी मेण आणि गंधक दाबाखाली वितळवून पाहिले. या दोन्ही पदार्थांचा वितळणबिंदू चढला. आपल्या गावातल्या गिरण्या ज्या मँचेस्टरच्या यंत्रविद्येतून उभ्या राहिल्या, तिथलाच एक माणूस पृथ्वीच्या पोटात काय असेल याच्या प्रयोगाला आपली दाब देणारी तरफ घेऊन गेला होता, हे मला फार मोलाचे वाटते.

धातूंमध्ये बर्फासारखे वागणारे थोडेच. बिस्मथ त्यांतला नामांकित. तो थिजताना तीन टक्क्यांहून अधिक फुगतो. नेहमीच्या दाबाला २७१ अंशांना वितळणारा बिस्मथ सुमारे १७ हजार वातावरणांखाली १९० अंशांच्या आसपासच वितळतो. म्हणजे २०० अंशांवर बिस्मथचा घन तुकडा ठेवून नुसता दाब वाढवत गेले तर त्याचा रस होईल, उष्णतेची जास्तीची आच न लावता. त्याच्या पलीकडे मात्र घन बिस्मथ आपली आतली रचनाच बदलतो, आणखी दाट होतो, आणि मग हा उतार टिकत नाही. अँटिमनीही थिजताना किंचित फुगतो. जुन्या छापखान्यांत शिसे आणि कथिलाबरोबर तो खिळ्यांच्या मिश्रणात घालत, त्याने मिश्रणाचे आकसणे घटायचे आणि अक्षराची कड ठसठशीत उठायची.

गॅलियमचा वितळणबिंदू २९.८ अंश. आपल्या एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो तेव्हा कपाटातले गॅलियम दिवसरात्र पाण्यासारखे हलते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते काचेच्या बाटलीत ठेवू नका, प्लास्टिकच्या ठेवा. हिवाळ्यात ते थिजले की तीन टक्के फुगते आणि काच फोडते. दाबाखाली त्याचा वितळणबिंदूही खाली सरकतो.

आता विलक्षण धातूंकडे येते. सिझियम, सोडियम, लिथियम. हे सुरुवातीला शहाण्या धातूसारखे वागतात, दाबाबरोबर त्यांचा वितळणबिंदू चढतो, आणि मग मध्येच तो उलटा फिरतो. सिझियमचे हे वागणे १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात केनेडी, जयरामन आणि न्यूटन या तिघांनी मोजले. यातले अय्यासामी जयरामन बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेले. २८.५ अंशांना वितळणारे सिझियम २२ हजार वातावरणांच्या सुमारास २०० अंशांजवळ पोहोचते आणि तिथून खाली वळते.

सोडियमने याहून मोठा धक्का दिला. रोजच्या दाबाला तो ९८ अंशांना वितळतो. तीन लाख वातावरणांना ७०० अंशांच्या वर जातो. आणि मग घसरू लागतो. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की सुमारे ११ लाख ६० हजार वातावरणांखाली त्याचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानावर येतो, साधारण २७ अंशांवर. वातावरणाच्या बारा लाखपट दाब, आणि त्याखाली सोडियम तुमच्या हाताच्या उबेनेही वितळेल अशा अवस्थेत! २०११ मध्ये लिथियम त्याच्याही खाली गेलेले आढळले, चार लाख वातावरणांच्या आसपासच्या दाबाला उणे ८३ अंश.

याचे कारण पुन्हा जागेतच आहे, फक्त या वेळी अणूच बदलतो. एवढ्या दाबाखाली अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला आपली नेहमीची पसरट जागा परवडत नाही, तो वेगळी, आटोपशीर मांडणी धरतो. घन धातूतले अणू रांगांत बांधलेले, त्यांना सगळ्यांनी मिळून एकदम बदलावे लागते. द्रवातल्या अणूंवर ते बंधन नाही, ते आधीच बदलू लागतात. म्हणून एका टप्प्यावर रस घनापेक्षा दाट होतो, आणि दाब रसाच्या बाजूला जातो. सोडियमची गोष्ट तिथे संपत नाही. २० लाख वातावरणांखाली हा चकचकीत धातू पारदर्शक होतो आणि वीज वाहून नेणे सोडतो. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचले तेव्हा मी तो मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला होता.

प्रश्न : पृथ्वीच्या गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव आणि आतला घन असे पुस्तकात आहे. पण आत जावे तसे तापमान वाढते. मग जास्त तापलेला भाग घन कसा?
– इयत्ता अकरावीची विद्यार्थिनी, मोहोळ

बाळ, तू अगदी नेमकी अडचण पकडली आहेस. वरची दोन उत्तरे वाचलीस तर अर्धे काम झाले.

गाभा मुख्यतः लोखंडाचा, थोडे निकेल. तो सुमारे २,८९० किलोमीटर खोलीवर सुरू होतो. तिथे दाब साडेतेरा लाख वातावरणांच्या आसपास. ५,१५० किलोमीटर खोलीवर आतला घन गोळा सुरू होतो, तिथे दाब सुमारे ३३ लाख वातावरणे, आणि केंद्राशी ३६ लाख. आत जाताना दोन गोष्टी एकदम वाढतात : प्रत्यक्ष तापमान, आणि लोखंडाला वितळायला लागणारे तापमान. प्रत्यक्ष तापमान हळू वाढते, कारण द्रव गाभा सतत ढवळला जातो आणि उष्णता पसरते. वितळणबिंदू त्याहून वेगाने चढतो. वर तो प्रत्यक्ष तापमानाच्या खाली असतो म्हणून लोखंड द्रव. ५,१५० किलोमीटरवर तो प्रत्यक्ष तापमानाला गाठतो आणि पुढे जातो. तिथून आत लोखंड घन. जास्त तापूनही घन, कारण वितळायला तेवढी उष्णता पुरत नाही.

हे कळले कसे? १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सोलापुरातही माणसे अंथरुणातून उठून रस्त्यावर आली होती. घरात तुझ्या आजी-आजोबांना विचार. मोठ्या भूकंपाच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात. त्यांतल्या आडव्या हलणाऱ्या लाटा द्रवातून जाऊच शकत नाहीत, त्यावरून बाहेरचा गाभा द्रव आहे हे समजले. पुढे इंगे लेहमान या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदी बारकाईने पाहिल्या. जिथे लाटा पोहोचायला नकोत अशा ठिकाणी क्षीण लाटा पोहोचलेल्या त्यांना दिसल्या. त्या कशावर तरी आपटून वळल्या असणार. १९३६ मध्ये त्यांनी मांडले की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे. त्या काळी हे सगळे कागदावर, हाताने केलेले गणित होते.

आणखी एक गोष्ट सांगते, जी मला फौंड्रीतली असल्यामुळे जास्त भावते. साच्यातला रस बाहेरून आत थिजतो, कारण उष्णता साच्याच्या भिंतीतून निघून जाते. पृथ्वीचा गाभा मात्र आतून बाहेर थिजतो आहे, कारण थिजवण्याचे काम तिथे दाब करतो आणि सगळ्यांत जास्त दाब मध्यभागी आहे. थिजताना लोखंड आपल्यातली हलकी मूलद्रव्ये द्रवात सोडते, ती वर चढतात, द्रव ढवळतो, आणि त्या ढवळण्यातून पृथ्वीचे चुंबकत्व टिकून राहते. तुझ्या कंपासपेटीसोबतच्या होकायंत्राची सुई फिरते त्यामागे हे थिजणे आहे.

प्रश्न : आतल्या गाभ्याच्या सीमेवर लोखंड किती तापमानाला वितळते याचे आकडे माझ्या संग्रहातल्या वेगवेगळ्या काळच्या लेखांत वेगवेगळे आहेत. एकात ७,६०० केल्व्हिन, दुसऱ्यात ५,००० च्याही आत, नव्या लेखात ६,२००. हजारापासून अडीच हजार अंशांपर्यंतचा फरक! मग विद्यार्थ्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?
– सेवानिवृत्त विज्ञान शिक्षक, जुळे सोलापूर

सर, तुमच्याकडचे तिन्ही आकडे (केल्व्हिनमधले, म्हणजे सेल्सिअस अंशांहून २७३ ने जास्त) खरोखरच्या प्रयोगांतून आलेले आहेत. पहिला १९८७ चा, दुसरा १९९३ चा, तिसरा २०१३ चा. यांच्यात एवढा फरक का पडला, हे समजून घेण्यातच या विषयाचा जीव आहे असे मला वाटते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

भट्टीवर रस झाला हे आम्हाला दिसायचे. निळ्या काचेतून पाहिले की तुकडा बसला, विरघळला, मळी वर आली, सगळे डोळ्यांसमोर. शंका असेल तर आणखी एक साधन होते. लहान कपात रस ओतायचा, कपात थर्मोकपल बसवलेले असते, आणि निवतानाचा आलेख पाहायचा. थिजायला सुरुवात होते त्या क्षणी आलेख थबकतो, कारण रसातली गुप्त उष्णता बाहेर पडून तापमान धरून ठेवते. त्या थबकण्यावरून आम्ही कार्बनचा अंदाज काढायचो. रोजचे काम, त्यात कुणाला शंका यायची नाही.

आता ३३ लाख वातावरणांकडे चला. असा दाब दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये निर्माण करतात. हे साधन १९५८-५९ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तयार झाले. तिथल्या सुरुवातीच्या प्रयोगांत तस्करांकडून जप्त केलेले हिरे वापरले गेले. त्याआधी हार्वर्डमध्ये पर्सी ब्रिजमनने पोलाद आणि कार्बाइडच्या यंत्रांनी लाख वातावरणांपर्यंत मजल मारली होती, त्याला १९४६ चे नोबेल मिळाले. हिऱ्याची युक्ती गणितात अगदी सोपी आहे. टोक ०.१ मिलिमीटर व्यासाचे सपाट घासले तर त्याचे क्षेत्रफळ ०.००८ चौरस मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्यावर ८० किलो वजनाइतका जोर दिला की सरासरी दाब दहा लाख वातावरणांच्या घरात जातो. हाताने स्क्रू पिळूनसुद्धा हे होते.

पण मग धातूचा नमुना केवढा? काही मायक्रॉन जाडीचा कण, आपल्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. हिरा पारदर्शक, म्हणून दोन्ही बाजूंनी लेसर सोडून कण तापवता येतो. हिरा उष्णता झटकन ओढून घेतो, म्हणून कणाभोवती ॲल्युमिना किंवा मिठासारख्या पदार्थाचा थर द्यावा लागतो. तापमान कळते ते कणाच्या प्रकाशावरून, जशी आम्ही रसाच्या रंगावरून पारख करायचो, फक्त तिथे रंग वर्णपटमापकाने मोजतात. आणि हे सारे जमल्यावर खरा प्रश्न येतो : एवढ्याशा कणाचा रस झाला, हे कशावरून म्हणायचे?

१९९३ च्या प्रयोगांत पृष्ठभागाकडे पाहिले गेले. लेसरच्या उजेडात कणाचा पृष्ठभाग हलू लागला, वाहू लागला, म्हणजे वितळला. कोणीही हेच म्हटले असते. त्यातून पुढे वाढवत नेलेला आकडा ४,८५० केल्व्हिनच्या जवळ आला. दुसरी मंडळी धक्क्याच्या लाटांनी काम करत होती : बंदुकीसारख्या नळीतून पट्टी लोखंडावर आदळवायची आणि लाट आत जाताना ध्वनीचा वेग मोजायचा. घनाला आडव्या ताणाला विरोध करता येतो, रसाला येत नाही, त्यामुळे वितळले की ध्वनीचा वेग पडतो. १९८६ मध्ये ब्राउन आणि मॅक्क्वीन यांनी ही पडझड २४३ गिगापास्कलला, म्हणजे २४ लाख वातावरणांच्या आसपास नोंदवली. दाब पक्का मिळाला, पण त्या क्षणार्धातले तापमान थेट मोजणे फार अवघड. ते प्रकाशावरून काढणाऱ्यांना फार वरचे आकडे मिळाले, तुमचा ७,६०० त्याच बाजूचा.

वीस वर्षे हा वाद चालला. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) अंझेलिनी आणि सहकाऱ्यांनी हिऱ्यांमधल्या तापत्या लोखंडावर क्ष-किरण सोडले. घन स्फटिकातून आलेले क्ष-किरण रेखीव वर्तुळे किंवा ठिपके उमटवतात. रसातून आलेले पसरट, धूसर वलय देतात. अणू रांगेत आहेत की नाहीत याची ही साक्ष, पृष्ठभाग काय करतो याच्याशी तिचा संबंध नाही. त्यांना सीमेवरचा आकडा ६,२३० केल्व्हिन मिळाला, ५०० इकडेतिकडे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या तापमानाला आधीच्या प्रयोगात पृष्ठभाग हलताना दिसला होता, तिथे त्यांच्या लोखंडात घन स्फटिक झपाट्याने मोडून नव्याने जुळत होते. हालचाल खरी होती, डोळ्यांना दिसले तेही खरे. पण तो रस नव्हता.

आलेखाच्या थबकण्यावर विसंबणारेही होते. लेसरची ताकद वाढवत जायची आणि तापमान कुठे थांबते ते पाहायचे. आमच्या कपात हे चालते, कारण कप नुसता निवत असतो. हिऱ्यांमध्ये लेसर सतत उष्णता ओततो आणि हिरे ती सतत ओढून नेतात. तिथल्या थांब्याचे कारण वितळणेच असेल असे नाही, थराचा गुण किंवा पृष्ठभागाची चमक बदलली तरी तो येऊ शकतो.

नंतर एक कारण पुढे आले, ते फौंड्रीतल्या कुणालाही चटकन पटेल. तापलेल्या हिऱ्यातला कार्बन लोखंडात शिरतो. शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळते, ४.३ टक्के कार्बन गेला की साधारण १,१५० ला. आमचा सगळा बिडाचा धंदा याच गुणावर उभा आहे. दाबाखालीही कार्बन तेच करतो. २०१३ नंतरही काही प्रयोगांत खालचे आकडे आले, त्यांतल्या काहींच्या मागे हा शिरलेला कार्बन होता असे पुढे दाखवले गेले. म्हणजे आपण शुद्ध लोखंड वितळवतो आहोत असे समजायचे आणि प्रत्यक्षात भांड्यात बीड तयार झालेले असायचे.

२०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या प्रचंड लेसरने लोखंड १,००० गिगापास्कलपर्यंत, म्हणजे जवळपास एक कोटी वातावरणांपर्यंत दाबून त्याच्या वितळणाची मोजणी प्रसिद्ध झाली. पृथ्वीच्या केंद्राच्या पावणेतीनपट हा दाब. तिथेही वितळण्याची साक्ष क्ष-किरणांचीच घेतली. तो प्रयोग पृथ्वीहून मोठ्या, खडकाळ परग्रहांच्या गाभ्यांसाठी होता.

विद्यार्थ्यांना तुम्ही काय सांगाल ते तुम्हीच ठरवाल, सर, पण मी तुमच्या जागी असते तर तिन्ही आकडे फळ्यावर लिहिले असते आणि प्रत्येकासमोर ‘वितळले हे कशावरून ठरवले’ एवढे लिहायला सांगितले असते. ‘पृष्ठभाग हलला’, ‘प्रकाश मोजला’, ‘क्ष-किरणांचे वलय धूसर झाले’. मग आकडे वेगळे का आले हे मुले आपणहून बोलू लागतात. खुद्द गाभ्याचे तापमान या आकड्याहून थोडे खालीच असणार, कारण तिथले लोखंड शुद्ध नाही. त्यात गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन, कार्बन यांसारखे काहीतरी मिसळलेले आहे हे त्याच्या घनतेवरून दिसते. नेमके काय आणि किती, यावर आजही काम चालू आहे.

प्रश्न : हे काम भारतात कुठे चालते? त्यासाठी काय शिकावे लागेल?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, बार्शी

मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्च दाबाच्या भौतिकीवर अनेक दशके काम चालू आहे. हिऱ्यांची साधने आणि धक्क्याच्या लाटा, दोन्ही. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हे सिंक्रोट्रॉन आहे. तिथल्या क्ष-किरणांवर हिऱ्यांमध्ये दाबलेल्या नमुन्यांचे प्रयोग होतात.

तुझा डिप्लोमा कोणत्या शाखेचा ते तू लिहिले नाहीस. मेटलर्जी किंवा मेकॅनिकल असेल तर पुढे बी.ई. करून एम.टेक.ला पदार्थविज्ञानाकडे वळता येते. भौतिकशास्त्राची गोडी असेल तर बी.एस्सी., एम.एस्सी. हा सरळ मार्ग. कोणत्याही वाटेने गेलास तरी ऊष्मागतिकीचा पाया कच्चा ठेवू नकोस, क्लापेरॉनचे समीकरण स्वतःच्या हाताने सोडवून बघ. तांब्याची वितळण्याची गुप्त उष्णता मोलमागे साधारण १३,१०० जूल, वितळणबिंदू १,३५८ केल्व्हिन, आणि वितळताना मोलमागे आकारमान सुमारे ०.३३ घन सेंटिमीटरने वाढते. यातून हजार वातावरणांमागे किती अंश येतात ते काढ. उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, पण आधी स्वतः काढ आणि मग जुळते का ते पाहा. एककांकडे लक्ष दे, घन सेंटिमीटरचे घन मीटर करायला विसरू नकोस. जुळले नाही तर वहीचे ते पान फोटो काढून सदराच्या पत्त्यावर पाठव. कुठे अडले ते आपण पुढच्या अंकात पाहू.